कांद्याच्या रोपाखालची माती

मुलांनो, परवा फोनवर धाकटीने तक्रार केली: कॉलेजात दिवसभर मातीच्या नमुन्यांच्या नळ्या उघडायच्या आणि त्यांवरची लेबलं वहीत उतरवून घ्यायची, यात कसलं आलंय इंजिनिअरिंग? त्याचं उत्तर म्हणून हे लिहिते आहे. माझ्या पोलिसातल्या नोकरीत अशाच एका लेबलापायी एक निर्दोष माणूस आत जाता जाता राहिला. ते प्रकरण मी अजून विसरलेले नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सायखेड्याच्या बाजूला ओढ्यावर पूल बांधणं चाललं होतं. त्याचे पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर ओतलेले काँक्रीटचे खांब, तयार झाल्यावर वर वाळूची पोती रचून चाचणी घेतली. दोन टिकले. तिसरा चार बोटं खचला. दोन दिवसांत ठाण्यात निनावी अर्ज आला, की मुकादमाने सिमेंट परस्पर विकलं. ठेकेदारानेही तोच सूर लावला.

मुकादम सुरगाण्याकडचा, पन्नाशीचा. जबाब घेताना मी एकच प्रश्न तीनदा फिरवून विचारला. खोटं बोलणारा दर वेळी नवी भर घालतो. हा दर वेळी तेवढंच सांगत होता.

"बाई, गोणी समोर फोडून माल ओतला. मला आत टाकाल तर माझ्यासंगती आलेली वीस माणसं उद्या घरी जातील. चोराच्या टोळीला काम कोण देईल?"

माझे हवालदार मूळचे शेतकरी. जागेची पाहणी करून आल्यावर स्टेशन डायरी लिहिता लिहिता ते म्हणाले, "मॅडम, सिमेंट कमी असतं तर खांब फुटला असता. हा अख्खाच्या अख्खा बसलाय. चोर खांबात नाही, खाली बघा."

"खाली काय बघू? खणत बसू?"

"तुम्हाला इंग्रजी येतं ना? मग तो मातीच्या तपासणीचा जाडा रिपोर्ट वाचा की!"

वाचला. पूल आखण्याआधी प्रत्येक खांबाच्या जागी भोक पाडून मातीचे नमुने काढले होते आणि त्यावरून खांबाची खोली ठरवली होती. तिसऱ्या जागी थोड्याच खाली घट्ट मुरूम लागल्याची नोंद होती, म्हणून तो खांब आखूड. मी रिपोर्ट घेऊन तिथे गेले. शेजारच्या शेतात एक मावशी खुरपत होत्या. भोक पाडायचं मशीन इथे नेमकं कुठे उभं केलं होतं, असं त्यांना विचारलं.

"हितं? हितं तवा माझं कांद्याचं रोप व्हतं! मी वाफ्यात आडवीच झाले. म्हनलं, आधी माझ्यावरनं न्या मशीन."

"मग?"

"मग काय, भला मानूस. च्या पिला आन् तिकडं गाडीवाटंवर भोक पाडलं."

"पण रोप इथेच का टाकत होता?"

"लय मऊ माती, बाई. सासरे सांगायचे, पूर्वी वढा हितनंच वाहायचा."

मी वळून पाहिलं. गाडीवाट उंचवट्यावर होती, तिथे मुरूम वरच होता. खांब मात्र ओढ्याच्या बुजलेल्या पात्रात उभा होता.

भोक पाडणाऱ्याला ठाण्यात बोलावलं. तो बिचकला नाही. "वीस पावलांनी काय फरक पडतो, मॅडम? रोप मोडलं असतं तर त्या बाईंची लागवड बुडाली असती. कागदावर जागा तीच ठेवली, एवढंच."

त्याचा नमुना खरा होता, डबा सीलबंद होता. फक्त लेबलावरचा पत्ता खोटा होता. जप्तीचा मुद्देमाल एका घरातला आणि पंचनाम्यात दुसरंच घर, असं झालं तर कोर्ट त्याकडे ढुंकून पाहत नाही. जमिनीलाही हाच नियम लागू असतो, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

पंचांसमक्ष खांबाला लागून नवं भोक पाडलं. खांबाच्या टोकाच्याही बऱ्याच खालून जी काळी माती वर आली, तिच्यात माझं बोट सहज रुतलं. मुकादमाविरुद्ध काही निष्पन्न झालं नाही, असा अहवाल मी पाठवला. त्या जागी नवे, खूप खोल खांब घेतले गेले आणि ते त्याच्याच टोळीने ओतले. निनावी अर्ज कोणी केला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तोवर मी गुन्ह्यामागे नेहमी हाव किंवा राग शोधत आले होते. इथे घात केला तो एका भल्या माणसाच्या दयेने. त्यानंतर कुठलाही नमुना समोर आला, की तो काय आहे यापेक्षा तो नेमका कुठला आहे, हे मी आधी विचारू लागले. धाकटे, तू लेबलं वहीत उतरवून घेतेस ती यासाठी.

पुलावरून आजही वाहतूक चालू आहे. त्या खांबाशेजारी उरलेल्या तुकड्यात मावशींच्या सुना दर वर्षी कांद्याचं रोप टाकतात.