जेवायला या

नेट दुरुस्त करायला आलेल्या माणसाने मला फसवलं. कॉम्प्युटरला वायफाय लागत नव्हतं, एवढीच माझी तक्रार होती. त्याने राउटरच्या मागच्या भोकात टाचणी खुपसली, दिवे विझून पुन्हा लागले आणि म्हणाला, "झालं काका, एकदम नव्यासारखं."

स्क्रीनवर पाहिलं तर वायफायचं नावच बदललेलं. कंपनीचं नाव आणि पुढे कसलेतरी आकडे. आमच्या वायफायला माझ्या बायकोने, सुमनने, नाव दिलं होतं 'जेवायला या'. मी कांद्याचे भाव बघत बसलो की तिच्या हाका माझ्या कानावर येत नसत, म्हणून. ती गेली, तरी कॉम्प्युटर उघडला की ती हाक तिथे असायची.

"नाव परत टाकून देतो की," तो म्हणाला.

"तू टाकलेलं नाव माझ्या काय कामाचं?"

बाजारात मी पारखल्याशिवाय कधी पोतं उचललं नाही. पण गेलेल्या माणसाच्या हातचं कुठे काय उरलंय, हे आधी कुणाला कळतं?

आता नेट झकास चालतं. मी भाव बघत बसतो आणि ताट गार होतं. टाचणी खुपसण्याआधी मला एका शब्दाने का विचारलं नाही, हे त्याने माझ्या दारात उभं राहून सांगावं.