रजिस्टरातलं माहेर

मी गावोगाव लस देणारी नर्स. शहाद्याकडच्या एका गावात एक बाळंतीण दीड महिन्याचं बाळ घेऊन आली. बाळाला धुतलेलं टोपडं होतं. तिची वेणी मात्र कित्येक दिवस सुटलेली नसावी. सुई टोचली तसं बाळ कळवळलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

मी कार्डावर पुढची तारीख लिहिली.

"तारीख मन्ही सासूले सांगा, सिस्टर. तवय मी आठे कोठे शे?"

तेव्हा ती इथे नसणार, म्हणून मी हसले. "माहेरले जाई ऱ्हायनी का?"

"माय नही शे मले," ती म्हणाली. "मले जगानंच नही."

जगायचंच नाही, हे तिनं सांगितलं ते बाजाराला जायचं नाही, असं सांगावं तितक्या साध्या आवाजात. मी तिचा हात धरला, फोन करून डॉक्टरांना बोलावलं आणि ते येईपर्यंत तो सोडला नाही.

पुढच्या तारखेला ती स्वतःच बाळाला घेऊन आली. डॉक्टरांनी दिलेली तिची औषधं चालू होती.

माझं ते हसणं आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. लसीला न आलेल्या बाळंतिणींच्या नावापुढे आम्ही न विचारताच एक शब्द लिहितो. ती तसं बोलली त्या दिवशी घरी आल्यावर मी जुनं रजिस्टर उघडलं. पानापानावर माझंच अक्षर होतं: माहेरी, माहेरी, माहेरी.