कवळीचा पेशंट

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, ते विचारू नका — सांगता सांगता तुमच्यावरही संशय घेईन, स्वभावच तसा आहे.

डोंबिवलीत माझा दवाखाना आहे. मुलं बारावीला गेली की आयाबाया विचारायला येतात, डेंटिस्ट व्हायला काय करावं लागतं? मी सांगते — बायोलॉजी घ्या, ‘नीट’ची प्रवेशपरीक्षा द्या, चार वर्षं कॉलेज, वर्षभर इंटर्नशिप, मग कौन्सिलची नोंदणी. एक गोष्ट मात्र गाळते. शेवटच्या परीक्षेला पेशंट आपला आपण आणावा लागतो. कवळीच्या परीक्षेला तर तोंडात एकही दात नसलेला, पण हिरड्या भक्कम असलेला माणूस हवा. असा माणूस मिळाला की आम्ही त्याला जिवापाड जपायचो.

माझ्याकडे कळव्याच्या एक आजी होत्या. माझी मैत्रीण सुजाता — तिच्याकडे ठाकुर्लीचे तात्या. परीक्षेच्या दोन दिवस आधी सुजाता माझ्या आजींशी बाकावर बसून कुजबुजताना दिसली. मला पाहिलं आणि दोघी गप्प. का गप्प? त्या दिवसापासून आजी माझा फोन उचलेनात. तात्या हातात असताना हिला माझ्या आजी कशाला हव्यात, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. पळवला, माझा पेशंट पळवला — डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं.

मग मी विभागातल्या फोनवरून तात्यांना फोन केला. कॉलेजमधून बोलतेय म्हटलं. परीक्षा पुढच्या गुरुवारी गेलीय, सुजाताचा अभ्यास चाललाय, तिला त्रास देऊ नका. तात्या आनंदाने लेकीकडे नाशिकला गेले. संध्याकाळी सुजाताने फोन लावला, कुणी उचलला नाही. म्हातारा माणूस, झोपला असेल, असं तीच मला म्हणाली.

परीक्षेच्या सकाळी आठ वाजता माझ्या आजी दारात हजर. म्हणाल्या, ‘‘अगं, परीक्षेचं नाव ऐकून मला भ्या वाटलेलं, येणारच नव्हते. तुझी मैत्रीण म्हणाली, आजी, पोरीचं वर्ष जाईल, तुम्ही घाबरलात हे तिला सांगू नका, पण या. फोनवर तोंडून निघेल म्हणून मी उचललाच नाही.’’

तेव्हाही वेळ होती का? सुजाता गेटवर उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन खरं बोलू शकले असते, दोघींनी सरांचे पाय धरले असते. मी आजींना खुर्चीत बसवलं आणि माप घ्यायला लागले. मी पास झाले. सुजाता त्या विषयात राहिली, सहा महिने मागे पडली.

आजही ती मला पेशंट पाठवते. तिला कळलंय का? कळूनच पाठवते का? दर वेळी तिची चिठ्ठी मी उलटसुलट करून बघते. चिठ्ठीत फक्त पेशंटचं नाव आणि दाताचा नंबर असतो.

तेव्हा, परीक्षेनंतरच्या गुरुवारी, तात्या कॉलेजात आले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, वेळेच्या अर्धा तास आधी. परीक्षा होऊन गेल्याचं सुजाताने त्यांना सांगितलं. कॉलेजमधून फोन आलेला, असं ते दोनदा म्हणाले. ती हळूच म्हणाली, ‘‘तात्या, कॉलेजवाले कशाला फोन करतील? ऐकण्यात काहीतरी चुकलं असेल.’’ त्यांनी सगळ्यांसमोर तिच्यापुढे हात जोडले आणि म्हणाले, ‘‘पोरी, वय झालं गं, माझंच चुकलं.’’

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. त्यांना बसायला मी खुर्ची दिली.