चाल नानांची, शब्द माझे

माझ्या लेकीचं, परीचं डोकं जिन्याच्या गजांत अडकलं अन् मी किंचाळत सुटले. ती रडे तशी मान अजून आवळे. मी पळत जाऊन गोडेतेल आणलं, तिच्या कानांमागे चोळलं, तेवढ्यात खालचे नाना वर आले.

नाना आधी लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. आता दुपारभर परीसोबत कार्टूनचे पिक्चर बघतात, अन् गाणं लागलं की मला पोळ्यांवरून उठवतात. "देख माय, चाल एकनी, शब्द दुसराना. दोन्ही भांडतस तवयच गानं बनस."

तर नानांनी गजाला हातच लावला नाही. खाली बसले अन् पिक्चरमधल्या गाण्याची चाल गुणगुणायला लागले. मला म्हणे, "रडू नको. चाल मी धरस, तू शब्द टाक."

मी म्हटलं, "मान वळव गं चिमणे, कान घे आत गं तुझे..."

नाना थांबलेच! "ओळ लांब व्हयनी. कापी टाक."

पोर अडकलेली अन् यांना ओळ लांब! मी कापली. परी ऐकता ऐकता हसली, मान वळवली अन् डोकं सुटलं.

आता नाना सगळ्या पिंप्राळ्यात सांगतात, "चाल मनी, शब्द हिना. गानानी पोर सोडाई." मी सातवी नापास. पण परवा सासूबाईच पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "म्हण ना तुझं गाणं."

तेलाचं कोणालाच माहीत नाही. तुम्ही असता तर सांगितलं असतं का?