विंकाचा डावा हात

ऑलिव्ह उतरवताना शिडीवरून पडणं क्रोएशियातल्या शिबेनिकमध्ये नवलाचं नाही. दर ऑक्टोबरला कुणी ना कुणी पडतंच. पण विंका बुयास पडली तेव्हा गावभर हळहळ झाली, कारण मोडलं ते डावं मनगट.

"अगं डावरे, उजवा मोडायचास की! तो तसाही बिनकामाचा," धक्क्यावरच्या कॅफेतून म्हाताऱ्यांनी आवाज दिला. विंकानं प्लास्टर उंचावून दाखवलं आणि हसत पुढे गेली. डावरी हे तिचं गावातलं नावच होतं. टेनिस सोडून नऊ वर्षं झाली तरी ते सुटलं नव्हतं.

तिचे वडील क्रस्ते अॅल्युमिनियमच्या कारखान्यात फिटर. स्वतः कधी स्पर्धा खेळले नाहीत, पण क्लबची लाल माती लाटायला सुट्टीच्या दिवशी फुकट जात आणि खेळणाऱ्यांना बघत बसत. मुलगी चालायला लागली तशी तिच्या हातात त्यांनी कापलेल्या दांड्याची रॅकेट दिली. युद्धाच्या वर्षांत गावावर गोळे पडत, तेव्हाही तळघराच्या भिंतीवर बापलेकींचा चेंडू वाजत असे. शेजारी वैतागायचे, "क्रस्ते, वरून ते बडवतायत, खालून तू!"

सोळाव्या वर्षी विंका देशात मुलींमध्ये पहिली आली. डावखुऱ्या सर्व्हिसचा चेंडू असा काही बाहेर वळायचा की समोरची पोर थेट कुंपणाला भिडायची. पुढे जगातल्या पहिल्या शंभरात तिचं नाव लागलं. त्या झगमगाटाखाली बाकीचं आयुष्य साधंच होतं. रात्रीच्या बसगाड्या, हॉटेलच्या बेसिनमध्ये धुतलेले मोजे, पावसानं थांबलेले सामने, आणि सोबत कायम क्रस्ते, मांडीवर भाकरी-चीजची पुरचुंडी घेऊन.

तिचा दोन हातांचा बॅकहँड अफलातून होता. गोची होती एकट्या डाव्या हातानं मारायच्या फोरहँडची. सरावात ठीक चालायचा, पण सामना अडला की हात लाकडासारखा व्हायचा. पॅरिसच्या लाल मातीवर एका मोठ्या खेळाडूविरुद्ध विजयाचा एकच गुण उरलेला असताना सोपा चेंडू आला, फोरहँडवर. तिनं तो जाळीत घातला. नंतर सामनाही गेला. परतीच्या अख्ख्या प्रवासात क्रस्ते एकच वाक्य बोलले, "लुळ्या माणसासारखा मारतेस."

त्यानंतर काळोख पडेपर्यंत फोरहँड. खांद्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "बाई, हा खांदा या कामासाठी घडलेलाच नाही." विंकाला वाटलं, सगळ्यांनाच असं सांगत असतील. एकतिसाव्या वर्षी तिनं खेळ सोडला आणि गावच्याच क्लबात मुलांना शिकवायला लागली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "देवानं मला एक डावा हात दिला, तेवढंच पुरे झालं."

आता त्याच हाताला प्लास्टर, म्हणून ती आईकडे राहायला आली. तिसऱ्या दिवशी दुपारी आई, मिल्का, भाजीसाठी बटाटे सोलत होती. विंकानं उजव्या हातानं सुरी ओढून घेतली आणि प्लास्टरबाहेरच्या बोटांत बटाटा धरला.

"दे इकडे. हात नुसता बसून गंजेल."

पहिले दोन बटाटे वेडेवाकडे झाले. मग काय झालं कुणास ठाऊक, सुरी आपोआप वळायला लागली. पातळ साल एका सलग पट्टीत खाली लोंबायला लागली. विंकाला मजा वाटली.

"बघ की गं आई! चाळिशीला उजवा हातही शहाणा झाला."

मिल्का चुलीकडे तोंड करून म्हणाली, "हात कुठे विसरतो..." आणि उगाच भांड्यावरचं झाकण हलवलं.

"काय विसरत नाही?"

"काही नाही. पाणी उकळलं का बघ."

"आई. काय विसरत नाही?"

मिल्का स्टुलावर बसली. एप्रनचं टोक बोटांना गुंडाळत राहिली. मग तिनं सांगितलं. विंका जन्मली ती उजव्या हाताची. चमचा उजव्या हातात, खडू उजव्या हातात, दगड फेकायची तो उजव्या हातानं. क्रस्तेंनी क्लबात कुणाकडून तरी ऐकलं होतं की डावखुऱ्या खेळाडूपुढे भलेभले गोंधळतात. पोर तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. त्यांनी ठरवलं, हिला डावखुरी करायची.

"कशी?" विंकानं विचारलं. आपलाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"उजवी बाही पुढून शिवून टाकायची. हात आतच राहायचा."

"कुणी शिवली?"

मिल्कानं मान वर केली नाही. "शिवणाचं मशीन घरात माझंच होतं."

"किती दिवस?"

"तो हिवाळा. मग पुढचाही. तू रडायचीस, मग रडायची थांबलीस. तुझा बाप म्हणाला, बघ, जमलं."

विंकाला ओरडायचं होतं. पण समोर बसलेली बाई तिची आई होती, तापात रात्र रात्र उशाशी बसलेली. तिनंच टाके घातले होते.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"गल्लीत सगळ्यांना, बाळा. शिवलेली बाही दिसायचीच की."

म्हणजे कॅफेतले म्हातारेसुद्धा. डावरे म्हणून हाक मारणारे सगळे. विंका तशीच उठली आणि चपला घालून क्लबकडे निघाली.

क्रस्ते माती सपाट करायची जाळी कोर्टवरून ओढत होते. पंचाहत्तरीतही पाठ ताठ. तिनं विचारल्यावर ते दचकले नाहीत, हेच तिला जास्त लागलं.

"मिल्काच्या पोटात काही राहत नाही," ते म्हणाले. "मग? उजव्या हाताच्या पोरी या गावात ढिगानं होत्या. त्यातली कोण पॅरिसला गेली?"

"बाबा, मी तीन वर्षांची होते!"

"तेव्हाच वळतं सगळं. नंतर वळत नाही."

"माझा फोरहँड." तिनं प्लास्टरमधला हात पुढे केला. "तो का ढासळायचा, तुम्हाला ठाऊक होतं. बॅकहँड का चांगला होता तेही. त्यात माझा उजवा हात होता. ठाऊक होतं ना?"

क्रस्तेंनी जाळीची दोरी दुसऱ्या हातात घेतली. समुद्रावरून जहाजाचा भोंगा वाजला, थांबला.

"होतं," ते म्हणाले.

"आणि तुम्ही मला लुळी म्हणालात."

तिला वाटत राहिलं की ते आता खोटं तरी बोलतील, चुकलं तरी म्हणतील. ते पुन्हा जाळी ओढायला लागले.

प्लास्टर निघाल्यावर विंकानं क्लब सोडला. झादर शहरातल्या एका क्लबात नोकरी मिळाली, दोन खोल्या मिळाल्या. क्रस्ते रविवारी फोन करत. डोंगराकडचा गार वारा, बुरा, किती सुटलाय, माती किती वाळलीय, एवढंच बोलणं व्हायचं. त्यापुढे दोघांनाही जाता यायचं नाही.

मार्चमध्ये मिल्का बसनं आली. दारातच पिशवी खाली ठेवून म्हणाली, "मला शिव्या दे. एकदाच दे, पण दे. तुझी ही शांतता मला सोसत नाही गं."

विंकानं महिनोन्‌महिने शिव्या मनात रचल्या होत्या. त्यातली एकही आठवेना. समोरची म्हातारी जिना चढून धापा टाकत होती आणि तिच्या कोटाचं बटण चुकीच्या काजात गेलेलं होतं.

"आत ये आधी," ती म्हणाली. "कॉफी टाकते."

संध्याकाळच्या बसपर्यंत दोघी बसल्या. मिल्का मधेमधे रडली. विंकानं तिला थांबवलंही नाही आणि जवळही घेतलं नाही. बस सुटताना मात्र खिडकीवर टकटक करून म्हणाली, "पुढच्या वेळी येताना अंजिरं आण. इथली पाणचट असतात."