खाली बसेपर्यंत

मावशी रागावली की खाली बसायची. जिथे असेल तिथे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, पाण्याच्या टाकीजवळ, एकदा तर चक्क चिखलात. एखाद्या मुलीने भात सांडला, की ही ताडमाड बाई पदर खोचून मटकन जमिनीवर बसे आणि मगच तोंड उघडे.

जामसरजवळच्या आमच्या आश्रमशाळेत ती स्वयंपाक करायची. मी तिथे नवी शिक्षिका म्हणून गेले, तेव्हा मात्र ती उभ्यानेच ओरडायची आणि तो आवाज भातखाचरांपलीकडे जायचा. मुली ताट घेऊन तिच्यासमोर यायच्या त्या मान खाली घालूनच. मन वाईट नव्हतं तिचं. पण पहाटेपासून चुलीपुढे उभं राहायचं, आणि शब्दही चुलीतूनच निघाल्यासारखे यायचे.

एके दिवशी तिसरीतल्या एका मुलीच्या हातून आमटीचं पातेलं कलंडलं. मावशी कडाडली. दुपारच्या हजेरीला ती मुलगी नव्हती. तिचं घर जवळच्या वांगणी गावात. सगळे शोधायला पांगले. मी आणि मावशी वांगणीच्या वाटेला लागलो.

बरंच चालल्यावर एका मोहाच्या झाडाखाली ती दिसली. मला हायसं वाटलं. पण मावशीला बघताच पोर उठली आणि उतारावरून पळत सुटली. खाली दरी.

"थांब गं!" मावशी ओरडली, तशी ती आणखी जोरात पळाली.

मावशी जागीच थबकली. मग वाटेतच खाली बसली. बऱ्याच वेळाने ती मुलगी एका दगडाआडून डोकावली. थोडी पुढे आली, पुन्हा थांबली, आणि शेवटी मावशीच्या शेजारी येऊन टेकली. मावशीने तिच्या पायातला काटा काढला.

परतताना मला एवढंच म्हणाली, "बाई, मला बघून पळाली ती. वाघाला बघून पळावं तशी."

दुसऱ्या दिवसापासून हे बसणं सुरू झालं. तुम्हाला वाटेल, राग लगेच गेला. छे! कित्येक महिने ती बसूनही तितकंच ओरडायची. आम्हाला हसू आवरत नसे. एकदा मी विचारलंच, "मावशी, बसून काय फरक पडतो?"

"राग येतोच, बाई. पण खाली बसेपर्यंत अर्धा सांडतो."

उरलेला अर्धा लहान मुलींनी संपवला. मोठं माणूस जमिनीवर बसलं की त्यांना फक्त मांडी दिसते. मावशी रागाने बसली की पहिलीतली एखादी खुशाल येऊन त्या मांडीत शिरायची. मांडीवर पोर घेऊन ओरडणार कसं?

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी भाजीत खोट काढली, तर ती त्यांच्यासमोरही बसली. साहेब घाबरले. "अहो, यांना चक्कर आली, पाणी आणा!" मावशीने आलेलं पाणी शांतपणे पिऊन टाकलं आणि म्हणाली, "साहेब, तुम्हीपण बसा. जेवूनच जा." साहेब बसले. भाजी दोनदा घेतली.

तिचा आवाज कधी उतरला, ते तिलाही कळलं नसावं. पुढे गुडघे धरले, खाली बसवेना. मग ती उभीच असायची आणि मुली तिच्या कमरेला तशाच बिलगायच्या. वांगणीची ती मुलगी दहावी होऊन निघाली, तेव्हा मावशीच्याच गळ्यात पडून रडली.

काम सोडल्यावर मावशी मोखाड्याकडच्या आपल्या पाड्यावर राहायला गेली. गेल्या श्रावणात ती वारल्याचं कळलं, म्हणून मी तिच्या घरच्यांना भेटायला गेले. तिचा मुलगा ठाण्याला बांधकामावर असतो. तो आला होता. ओट्यावर बसून आम्ही तिच्याबद्दल बोलत राहिलो.

"बाई, लहानपणी आम्ही भाऊ आईला जाम भ्यायचो," तो म्हणाला. "तिचा आवाज आला की गोठ्यात जाऊन लपायचो."

दाराशी त्याची लहान मुलगी उभी होती, रडून डोळे सुजलेली. ती बापाकडे बघतच राहिली.

"आजीला?" ती म्हणाली. "आजीला कशाला भ्यायचं?"