खुरप्याला बटण नव्हतं

माझी मुलगी घरी बसून फोटोंवर चौकटी काढायचं काम करते. आधी मलाही ते काम समजलं नव्हतं, म्हणून नीट सांगते. कंपनीने तिला लॅपटॉप दिला आहे. त्यावर खूप उंचावरून काढलेले फोटो येतात. कुठल्या मुलुखाचे ते लिहिलेलं नसतं. फोटोत काही ओळखू आलं की त्याच्याभोवती चौकट काढायची आणि बाजूच्या यादीतलं एक बटण दाबायचं. माणूस, जनावर, गाडी, घर. अशा हजारो चौकटी पाहून मशीन शिकतं आणि पुढे त्याचं तेच ओळखतं. "बालवाडीच हाय आई," ती म्हणाली होती, "फक्त पोरगं मशीनचं हाय."

रिसोडला कॉलेज शिकून तिला आमच्या केनवड गावातच, घरात बसून काम मिळालं, याचा आम्हाला आनंद होता. दुपारी शेतातून आले की मी तिच्या शेजारी बसायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पाहुण्यांनी नाव विचारलं तरी मी पदर सावरत बसते. पण त्या पडद्यासमोर मात्र मला सुचायचं. ती विचारायची, "आई, हे काय असंल?" मी सांगायची, ही कडब्याची गंजी आहे, झोपडी नाही, झोपडीला पायवाट असते. ह्या शेळ्या, मेंढ्या नव्हेत. मेंढ्या एकमेकींना चिकटून चालतात, शेळ्या पांगतात. ती हसायची. "तुलेच नोकरीवर घ्यायले पाह्यजे होतं व माय!" मी वरून काही दाखवलं नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा मला आपण कशात तरी हुशार आहोत असं वाटलं.

एक दिवस राखाडी रंगाचा फोटो आला. मोकळं शेत आणि त्यात सात-आठ माणसं उकिडवी बसलेली, तिरप्या ओळीत. मी लगेच म्हणाले, "बाया निंदून राह्यल्या."

ज्याने शेतात काम केलं त्याला हे सांगावं लागत नाही. निंदताना प्रत्येक बाईला आपली आपली पात असते, म्हणजे जमिनीचा एक पट्टा, तो तिने तणापासून साफ करत पुढे न्यायचा. उरक असलेली पुढे जाते, म्हातारी नाहीतर पोटुशी मागे राहते, म्हणून ओळ कधी सरळ दिसत नाही. त्या फोटोत बांधाजवळ सावलीत एक बारीकसं काही निजवलेलंही होतं. प्रत्येकीच्या हातात काहीतरी होतं.

मुलीने यादी पाहिली. "निंदणं नाई ना आई यात. खुरप्याचं बटन नाई."

माणसाच्या हातांसाठी दोनच बटणं होती. हात रिकामे असतील तर हिरवी चौकट, हातात वस्तू असेल तर लाल. "खुरपं काय वस्तू हाय?" म्हणत तिने सगळ्या हिरव्या केल्या. दुसऱ्या दिवशी तो फोटो वरच्या साहेबाकडून परत आला. हातात काहीही असो, लाल करा. ती थांबून राहिली. मीच म्हणाले, "करून टाक बाप्पा. लाल केली का हिरवी केली, त्यानं त्यायचं काय बिघडते?"

तिने सगळ्या लाल केल्या. पुढे तसे पुष्कळ फोटो आले. मी काही बोलायच्या आधीच ती लाल करून मोकळी व्हायची.

ह्या फोटोंबद्दल कोणाला सांगणार नाही, अशी तिने कंपनीला सही दिली होती. तिच्या वडिलांनाही 'कंप्युटरचं काम' एवढंच माहीत होतं. मी शेजारी बसते म्हणून मला कळलं, आणि मी कोणाला सांगणार?

मग गेल्या पौषात टीव्हीवर ती बातमी आली. दूरच्या एका देशाच्या सैन्याने विमानातून टिपलेलं, सरकारने लपवून ठेवलेलं चित्रण, त्यांच्याच एका नोकराने बाहेर काढलं होतं. आमच्या ओसरीवर त्यावरून वाद पेटला. माझे दीर सैन्यात गाडी चालवायचे, आता निवृत्त आहेत. ते चहाला आले होते. मी एका बाजूला सुपात तूर पाखडत होते.

"गोळी घाला लेकाच्याले," दीर म्हणाले. "ज्याचं मीठ खाल्लं त्याचंच गुपित इकलं. घरची गोष्ट चव्हाट्यावर नेते तो कोनता पोरगा हाय?"

आमचे हे मुद्दाम उलटं बोलणारे. "घरात खून झाला असंल तरी नाई न्यायची का?"

"खून नाई दादा थो. युद्ध म्हन्तेत त्याले."

"युद्धात समोरचा मानूस दिसाले पाह्यजे ना बे. हा इकून गार खोलीत बसून बटन दाबते, थो तिकून मरते. याले युद्ध म्हन्तेत का फवारनी?"

"थेच तर चांगलं हाय. मशीनले राग नाई येत. मानूस रागाच्या भरात नाई थे करते. म्या डोयानं पाह्यलं हाय, मले नको शिकवू."

"राग येनारा मानूस कधी दमतेही. दमला का बसते, पानी पेते, इचार करते. तुहं मशीन दमते का?"

दीर हसले. "तू कायले दमशीन? तू तर बसूनच रायते."

हसताहसता त्यांनी मोबाइलवर ते चित्रण लावलं आणि हात लांबवून सगळ्यांना दाखवलं. मुलगीही बाहेर येऊन उभी राहिली. मी पण सूप मांडीवर ठेवून पाहिलं.

राखाडी शेत होतं. उकिडव्या बसलेल्या माणसांची तिरपी ओळ होती. प्रत्येकाभोवती लाल चौकट. मग पडदा पांढरा झाला, आणि पांढरा विरल्यावर चौकटी उरल्या नाहीत.

"सुरुंग पेरून राह्यले होते, असं त्यायचं सरकार म्हन्ते," दीर म्हणाले.

पांढरं होण्याच्या जरा आधी मी एक गोष्ट पाहिली होती. सगळ्यात पुढे असलेलीची पात संपली होती. ती उठून वळली, मागे राहिलेलीच्या पातीत दुसऱ्या टोकाने बसली आणि तिच्याकडे सरकू लागली. आम्ही तसंच करतो. मागे राहिलेल्या बाईला एकटी सोडून कोणी बांधावर जाऊन बसत नाही. सुरुंग पेरणारा असं कशाला करील?

माझ्या जिभेवर ते आलं होतं. पण पुरुष बोलत होते, आणि मी सूप पुन्हा हातात घेतलं.

मुलगी आत गेली. मी मागोमाग गेले. ती म्हणाली, "आई, चौकट तेच हाय. आमच्या चौकटीच्या कोपऱ्यावर असते थे बारीक निशानीबी तेच."

"जगात लाल चौकट काय एकटी तूच काढतं?"

"मले माहीत नाई. म्हून तर सांगावं म्हन्तो." ज्या वर्तमानपत्राने ते चित्रण जगापुढे आणलं, त्यांनी कोणाला काही ठाऊक असल्यास कळवा म्हणून पत्ता दिला होता. तिने दोन दिवस बसून मोबाइलवर पत्र लिहिलं. चौकटी कशा काढतात, हिरव्याच्या लाल कशा झाल्या, कोणत्या बटणांतून निवडावं लागतं, सगळं. मला मराठीत वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य असं होतं की, जन्मभर शेतात राबलेल्या एका बाईने हे चित्रण पाहिलं आहे आणि ती खात्रीने सांगते की ह्या निंदणाऱ्या बाया आहेत.

"ती तू," ती म्हणाली. "तुहं नाव नाई टाकत. पाठवू?"

दिरांचं 'गोळी घाला' माझ्या कानात होतं. सही दिलेली होती. परक्या देशाचं प्रकरण, उद्या दारात कोण येऊन उभं राहील कोणाला ठाऊक? पण मी 'भीती वाटते' असं म्हणाले नाही. तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"तू सांग फक्त," ती म्हणाली. "निंदत होत्या ना त्या?"

"मी चौथी शिकेल बाई," मी म्हणाले. "मले काय समजते त्यातलं?"

शेळ्या कोणत्या आणि मेंढ्या कोणत्या हे मी तिला वर्षभर सांगितलं होतं, आणि एकदाही चुकले नव्हते. ते तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तिने दोनदा विचारलं नाही. पत्र माझ्यासमोरच पुसून टाकलं. ते सगळं पत्र माझ्या एका शब्दावर उभं होतं.

पुढे त्या सरकारने चौकशी केली आणि सैन्याची चूक नाही असं जाहीर केलं. चित्रण बाहेर काढणारा तुरुंगात गेला. मी मुलीला म्हणाले, सोडून दे हे काम. ती म्हणाली, "मी सोडलं तर दुसरी करंल. फोटो कुठं थांबते?" ती अजून तेच करते. माझ्याशी नीट बोलते, वेळेवर जेवते. दुपारी मी शेजारी जाऊन बसले तर सरकून जागाही देते. फक्त काही विचारत नाही.

मागच्या महिन्यात एकदा दीर आले तेव्हा घरात मी एकटीच होते. मी पाणी दिलं. ते तांब्या हातात धरूनच बसले.

"वयनी, त्या बाया होत्या ना वो?"

मी खाली पाहिलं. "मले काय समजते भाऊजी."

"माह्या मायनं जलमभर निंदलं. बांधावर निजवलेलो म्याच रायत होतो. पयल्याच झटक्यात दिसलं मले."

दिरांना मी कधी उलटून प्रश्न केला नव्हता. त्या दिवशी केला. "मंग बोलले काहून नाई?"

"दादालेबी दिसलं असंल," ते म्हणाले. "थो बी कुठं बोलला?"

आम्ही सगळे ह्याच शेतांत वाढलेलो. ओसरीवर तेव्हा चार माणसं होती, आणि चौघांनाही पात ओळखता येते. मुलीने तेवढं एकटीने विचारलं होतं, आणि तेही मला.

दिरांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि तुरीला यंदा भाव कसा राहील ते विचारलं. मला काय समजते, असं मी ह्या वेळी म्हणाले नाही. मी सांगितलं, बरा राहील.